आठ तास शिजवूनही गुलाबी

व्हिडिओ कॉलवर आईला भांडं दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, कच्चंच आहे की ते! परत लाव."

आठ तास झाले होते. स्लो कुकरमधून काढलेलं कॉर्न्ड बीफ इतकं मऊ झालं होतं की काटा लावला तरी धागे सुटत होते. पण आतून रंग छान गुलाबी. आमच्या वसईच्या घरी रविवारी बीफ शिजायचं ते प्रेशर कुकरमध्ये, आणि शिजलं की ते तपकिरीच व्हायचं. त्यामुळे आईची शंका अगदी बरोबर होती. मी अन्नरसायनशास्त्रात पीएचडी करते, तीही आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, म्हणजे ज्या बंदरातून हे खारवलेलं मांस दीडेकशे वर्षं जगभर जात होतं तिथेच. तरीही मला धड उत्तर देता आलं नाही. "त्यात काहीतरी घालतात, म्हणून रंग राहतो," एवढंच म्हणाले.

"काहीतरी घालतात, म्हणून होतं." संशोधनात आपण हे वाक्य किती वेळा बोलतो! याच वाक्यापायी माझे पहिल्या वर्षातले सात महिने गेले. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी या भांड्याचा इतिहास बघू. तुम्ही बीफ खात नसाल तरी वाचा, कारण मुद्दा खाण्याचा नाही. घातलेली गोष्ट आणि काम करणारी गोष्ट एकच आहे का, हे कसं ओळखायचं, हा मुद्दा आहे.

नाव कोणाचं, ताट कोणाचं

कॉर्न्ड बीफमध्ये मका नसतो. जुन्या इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे कुठलाही दाणा. इथे तो दाणा मिठाचा, आपल्या भाषेत खडेमीठ. मांस खडेमिठात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवायचं, की ते टिकतं. मीठ मांसातलं पाणी बांधून ठेवतं आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना ते मिळत नाही.

हा उद्योग कॉर्कमध्ये का वाढला? इंग्लंडच्या संसदेने 1663 मध्ये आयर्लंडहून येणाऱ्या जिवंत गुरांवर जबर कर बसवला आणि 1667 मध्ये ती आयात बंदच केली. इंग्लिश पशुपालकांना स्पर्धा नको होती. गुरं जिवंत पाठवता येईनात, तेव्हा आयर्लंडमध्ये ती कापून, खारवून, पिंपांत भरून दूरच्या बाजारांना पाठवली जाऊ लागली. कॉर्कचं बंदर खोल आणि सुरक्षित, आसपास कुरणं, आणि मीठ स्पेन-पोर्तुगालहून यायचं. इथली पिंपं ब्रिटिश नौदलाकडे जात, व्यापारी जहाजांवर जात, कॅरिबियन बेटांवरच्या साखरमळ्यांत जात. तिथल्या गुलामांच्या शिध्यातही हे मांस असे. 1815 मध्ये नेपोलियनची युद्धं संपली, आरमारांची मागणी घटली आणि हा व्यापार उतरणीला लागला.

आता या व्यापाराच्या नोंदी वाचून कोणी लिहिलं की 'आयरिश लोक भरपूर कॉर्न्ड बीफ खात', तर? चूक. बंदरातून काय बाहेर गेलं हे त्या नोंदी सांगतात, घरात काय शिजलं हे सांगत नाहीत. पिंपं भरणाऱ्या गरिबाच्या ताटात बटाटा आणि ताक-दूध होतं. म्हणून तर 1845 पासून बटाट्यावर रोग पडला तेव्हा सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच काळात धान्य, लोणी, गुरं देशाबाहेर जातच होती.

कॉर्न्ड बीफ आणि कोबी हे सेंट पॅट्रिक दिनाचं 'आयरिश' जेवण झालं ते अमेरिकेत. तिथे स्थलांतरितांना बीफ परवडू लागलं. न्यूयॉर्कमध्ये ते ज्यू खाटकांकडून ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचं मांस, घेत असं सांगितलं जातं. कोशर पद्धतीत जनावराचा मुख्यतः पुढचा भाग वापरतात, आणि ब्रिस्केट त्याच भागातलं. कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये आजही खारवलेलं बीफ मिळतं, आणि नाताळात इथे मसाल्यांत मुरवलेलं स्पाइस्ड बीफ असतंच. पण ज्या ताटाला जग आयरिश म्हणतं, ते घडलं अटलांटिकच्या पलीकडे.

सोरा घातला, पण काम केलं कोणी?

आता आईच्या प्रश्नाकडे. नुसत्या मिठात मुरवलेलं मांस शिजल्यावर तपकिरी-करडं होतं. गुलाबी रंगासाठी खारवणारे लोक मिठाबरोबर थोडा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घालत. सोरा म्हटलं की भारत आलाच. बंदुकीच्या दारूचा हा मुख्य घटक, आणि सतराव्या शतकापासून डच आणि इंग्रज कंपन्या तो बिहारमधून, पाटण्याच्या बाजारातून, जहाजं भरून नेत. गावाजवळची शेण-मूत मुरलेली माती खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून नोनिया समाजाचे लोक तो काढत. त्या मातीत नायट्रेट बनवणारे जिवाणू असतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

कृती शेकडो वर्षं चालली आणि प्रत्येकाकडे कारण तयार होतं: सोऱ्याने रंग येतो. सोरा घाला, रंग येतो. घालू नका, येत नाही. आपण आज ज्याला कंट्रोल म्हणतो तोसुद्धा झाला की! तरी निष्कर्ष अपुरा होता.

1891 मध्ये एडुआर्ड पोलेन्स्के या जर्मन रसायनतज्ज्ञाने सोरा घालून मुरवलेलं मांस आणि त्याचं खारं पाणी तपासलं. त्यात त्याला नायट्राइट सापडलं. घातलं होतं नायट्रेट, नायट्राइट कोणी घातलंच नव्हतं. जिवाणूंनी एकाचं दुसरं केलं असणार, असा त्याने अर्थ लावला.

मग 1899 मध्ये दोन प्रयोग झाले. के. बी. लेहमान याने ताजं मांस नायट्राइटच्या पाण्यात उकळलं, रंग आला. नायट्रेटच्या पाण्यात उकळलं, नाही आला. त्याच वर्षी किसकाल्ट याने हे पडताळलं आणि एक पायरी वाढवली: मांस सोऱ्यात काही दिवस ठेवून मग उकळलं, तर रंग आला. पदार्थ तोच, फक्त मधे दिवस गेले. म्हणजे रंग देणारी वस्तू त्या दिवसांत *तयार होत* होती.

1901 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन याने पुढचा दुवा जोडला. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी न्या, असं सुचवणारा हाच. त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचा नागरिक झाला. थोरल्या हॉल्डेनने दाखवलं की नायट्राइटपासून बनणारा नायट्रिक ऑक्साइड रक्तद्रव्यातल्या लोहाला चिकटतो, आणि उकळल्यावर त्याचं स्थिर लाल संयुग होतं. मांसात हे काम मुख्यतः मायोग्लोबिनवर होतं. म्हणून आठ तास शिजवूनही माझं बीफ गुलाबी. आई, ते कच्चं नव्हतं गं.

"बरं, पण एवढं कळून फरक काय पडला? रंग तर आधीपासूनच येत होता." हा प्रश्न मला एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याने विचारला होता. फरक मोठा पडला. सोऱ्याच्या पद्धतीत नायट्राइट किती बनेल हे जिवाणूंच्या मर्जीवर होतं. कमी बनलं तर बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला रान मोकळं. जास्त बनलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते आणि माणूस दगावू शकतो. खरा कर्ता कळल्यावर तो मोजून घालता आला. अमेरिकेने 1925 मध्ये मांसात थेट नायट्राइट वापरायला परवानगी दिली. 1970 च्या दशकात नायट्राइटपासून नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक संयुगं बनू शकतात हे पुढे आलं, तेव्हा मर्यादा घट्ट करता आल्या आणि ती बनू नयेत म्हणून क जीवनसत्त्वाच्या जातीची द्रव्यंही घालता आली. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे वाद संपलेला नाही, पण तो आता योग्य पदार्थाबद्दल चालू आहे.

मऊ कशाने झालं?

मी पहिल्यांदा हे बीफ केलं तेव्हा तीन तासांनी झाकण काढून चाखलं. चामडं! मांसच वाईट होतं असं ठरवून टाकून दिलं. आमच्या लॅबमधल्या अनुभवी तंत्रज्ञबाई हसल्या. "तू चुकीच्या वेळी थांबलीस," म्हणाल्या.

गुराला गळ्याचं हाड नसतं, त्यामुळे छातीच्या स्नायूंवर शरीराचा खूप भार येतो आणि त्यांत कोलॅजेन भरपूर असतं. साधारण 60 ते 65 अंशांना कोलॅजेन आकसतं आणि मांसातला रस पिळून काढतं. म्हणजे मांस आधी *जास्त चिवट* होतं. 70 च्या वर ते हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं आणि याला कित्येक तास लागतात. माझा प्रयोग बरोबर त्या चिवट टप्प्यावर थांबला होता, आणि मी निष्कर्ष काढला मांसाबद्दल. आईचा प्रेशर कुकर तापमान 120 अंशांजवळ नेऊन हेच काम तासाभरात उरकतो. स्लो कुकर तापमान उकळीच्या आत ठेवून वेळ देतो. जादू दोन्ही भांड्यांत नाही.

स्लो कुकरची स्वतःची गोष्टही अशीच लांबून आलेली आहे. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन याने 1936 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1940 मध्ये ते मिळालं. कल्पना आईने सांगितलेल्या आठवणीतून आली. लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलंट या कालवणाचं भांडं गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचे. भट्टी विझत जायची, तिच्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. हेच उपकरण पुढे रायव्हल कंपनीने 1971 मध्ये क्रॉक-पॉट नावाने आणलं. म्हणजे 'आयरिश' जेवणाचं भांडं ज्यू स्वयंपाकातून आलं.

आता मी करते ते असं. दीड किलोचा खारवलेला तुकडा फ्रिजमध्ये रात्रभर पाण्यात ठेवायचा, म्हणजे जास्तीचं मीठ उतरतं. गोठलेला तुकडा थेट कुकरमध्ये टाकायचा नाही. कांदा, गाजर, तमालपत्र, मिरी, मोहरी, आणि मांस बुडेल इतकं पाणी. 'लो'वर आठ ते दहा तास. मधे झाकण उघडायचं नाही, उष्णता जाते. आतलं तापमान 90 ते 95 अंश झालं आणि काटा सहज फिरला की झालं. कोबी शेवटच्या तासात घालायचा. कापताना धाग्यांच्या आडवं कापायचं, नाहीतर मऊ मांससुद्धा तोंडात दोऱ्या-दोऱ्या लागतं.

माझे सात महिने

मी गव्हाच्या कोंड्यातून एन्झाइम वापरून फेरुलिक आम्ल सोडवत होते. शुक्रवारी लावलेले नमुने शनिवार-रविवार शेकरवर राहायचे आणि सोमवारी आकडे फार सुंदर यायचे. एन्झाइमला वेळ मिळाला, म्हणून जास्त काम झालं, असं मी धरून चालले. आलेख काढले, एक प्रकरण लिहूनही झालं.

किसकाल्टचा प्रयोग वाचला त्या रात्री झोप लागली नाही. माझा एन्झाइम नसलेला कंट्रोल होता, पण तो एका दिवसाचा! आठवडाभरात तीन नळ्या लावल्या: एन्झाइम घातलेली, न घातलेली, आणि न घातलेली पण सोबत जिवाणू वाढू न देणारं सोडियम अझाइड असलेली. तिन्ही तीन दिवस ठेवल्या. दुसऱ्या नळीत आम्ल भरपूर सुटलं, तिसरीत जवळपास नाही. काम कोंड्याबरोबर आलेल्या जिवाणूंचं होतं. प्रकरण गेलं. गाइडला सांगताना हात थरथरत होते. ते एवढंच म्हणाले, "मग आता ते जिवाणू कोण आहेत ते शोध." सध्या माझा प्रबंध त्याच्यावरच आहे.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर पहिला प्रयोग लावण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. मी काय घातलं? मधल्या वेळात आपोआप काय बनू शकतं? कंट्रोलला मी तितकाच वेळ दिला का? पोलेन्स्केने, लेहमानने आणि किसकाल्टने मिळून हेच तीन प्रश्न सोडवले, आणि त्यांना आठ वर्षं लागली.

पुढच्या रविवारी आईला पुन्हा फोन लावला आणि रंगाचं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे. पण मीठ जास्त झालंय का ते सांग."

झालं होतं. भिजवायला विसरले होते.