कोणते कळंब? हाक ऐकणाऱ्या माणसाचा इतिहास

१. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणाची कळंबे दोन. एक यवतमाळ जिल्ह्यातले, यवतमाळ–नागपूर रस्त्यावरचे, चिंतामणीचे. दुसरे धाराशिव जिल्ह्यातले. शिवाय पुण्याच्या आंबेगाव तालुक्यात आणि रायगडात कर्जतजवळही कळंब आहेच. आता समजा, कोणी ११२ फिरवून एवढेच म्हणाले, ‘कळंबजवळ अपघात झालाय, लवकर या.’ तर?

२. तो फोन कळंबात वाजत नाही. राज्याची ११२ ची केंद्रे नवी मुंबईत आणि नागपुरात आहेत. तिथला कर्मचारी माहिती नोंदवतो, ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप मिळतो. मोबाइलच्या मनोऱ्यावरून यंत्र ठिकाणाचा अंदाज देते. पण पुलाच्या अलीकडे की पलीकडे, डांबरी रस्त्यावर की पांदणीत, हे माणसानेच विचारायचे असते.

३. त्या खुर्चीवर कोण बसावे? निवृत्त पोलीस, अग्निशमन जवान, रुग्णवाहिकेवर आयुष्य घालवलेले कर्मचारी यांना पुन्हा नेमावे, असा एक उपाय अनेक देशांत सुचवला जातो. तो केवळ मनुष्यबळाच्या टंचाईवरचा तोडगा मानला जातो. या धाग्याचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. हाक ऐकणारे कान गावापासून दूर गेले, तेव्हा जी स्थानिक जाण मागे राहिली, तिचा हा प्रश्न आहे.

४. प्रारंभ कळंबपासूनच करू. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये कळंबचे नाव येते. म्हणजे मोगल काळात हे एका मोठ्या महसुली विभागाचे मुख्य ठाणे होते. तरीही आग, दरोडा, पूर, सर्पदंश यांसाठी कोणी सुभेदाराची वाट पाहत नसे. संकट गावातच ऐकले जाई आणि गावातच निस्तरले जाई.

५. मराठी मुलखात ही व्यवस्था वतनी होती. वर पाटील, त्याच्या हाताखाली गावची राखण करणारे महार, जागले, रामोशी. शिवेची माहिती, वाटसरूला सोबत, परगावी निरोप, रात्रीची गस्त ही त्यांची कामे. चोराचा माग काढणे हे तर शास्त्रच होते. माग ज्या गावच्या शिवेत शिरे, त्या गावाने तो पुढे न्यायचा. न जमल्यास नुकसानीचा भार त्याच गावावर येई.

६. या व्यवस्थेत निवृत्ती नव्हती. बापाचे काम मुलाकडे जाई आणि म्हातारा बाप ओसरीवर बसून ‘ती वाट नको, नाल्याला पाणी असेल’ असे सांगत राही. ज्ञान टिके. पण तिला गोड रंग देऊ नये. हे ज्ञान जातीच्या सक्तीने, वेळी-अवेळी आणि नाममात्र मोबदल्यात वापरले जाई. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने संपुष्टात आणली.

७. वेतन, सेवाकाल आणि निवृत्तिवेतन ही वेगळी कल्पना आपल्याकडे मुख्यतः लष्करातून रुजली. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘व्हेटरन’ पलटणींत मैदानी लढाईला न चालणारे, पण पहारा आणि ठाण्याच्या कामाला चालणारे जुने शिपाई असत. कोकणातले दापोली अशा जुन्या सैनिकांचे आणि पेन्शनरांचे ठिकाण म्हणून ओळखले जाई. पाय थकले म्हणजे माणूस निकामी होत नाही, हे लष्कराने फार पूर्वी ओळखले होते.

८. याच दापोलीत निवृत्तीनंतर राहिलेले एक सैनिक म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील. पुढे ते साताऱ्यास गेले आणि पुन्हा नोकरीत शिरले. १९०१ साली ते खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. निवृत्त माणूस आपत्तीच्या कामावर पुन्हा नेमला गेल्याचे हे घराघरांत परिचित असलेले उदाहरण.

९. त्याच काळातला एक प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. येण्याचे पत्र पोहोचले होते, मात्र नोकराने ते वडिलांना दिलेच नाही. पुढे जात कळताच गाडीवानही मिळेनासा झाला. निरोप पाठवला जाणे आणि तो योग्य माणसापर्यंत पोहोचणे, या दोन गोष्टींमधले अंतर किती जीवघेणे असते, हे इथे दिसते.

१०. दूरध्वनी आल्यावर हे अंतर मिटेल असे वाटले होते. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर आग लागली आणि पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने फोन केला होता. तो एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. त्यानंतरच्या चौकशीतून ३० जून १९३७ रोजी ‘९९९’ हा जगातला पहिला आणीबाणीचा क्रमांक लंडनमध्ये सुरू झाला. तंत्र होतेच, तातडीचा फोन वेगळा ओळखण्याची सोय नव्हती.

११. दोनच वर्षांनी महायुद्ध आले. तरुण पोलीस सैन्यात जाऊ लागले तेव्हा ब्रिटनने ‘फर्स्ट पोलीस रिझर्व्ह’मधील माणसे कामावर बोलावली. ही मुख्यतः निवृत्त पोलिसांची फळी होती. शहर त्यांच्या पायाखालचे होते, म्हणून बॉम्बहल्ल्यांच्या काळात त्यांचा उपयोग झाला. निवृत्तांना परत बोलावण्याची ही आधुनिक काळातील मोठी चाचणी.

१२. भारतात १००, १०१, १०२ असे वेगवेगळे क्रमांक दीर्घकाळ चालले. १०८ ची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ ला ९३७ रुग्णवाहिकांसह आली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर एकच क्रमांक असावा ही मागणी तीव्र झाली. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तशी शिफारस केली आणि महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ ची सेवा उभी राहिली.

१३. लाभ उघड आहे. फोन कोणाच्या मर्जीवर राहिला नाही. जात, ओळख, पाटलाचा रोष यांच्यावर तो अवलंबून नाही. हा फार मोठा न्याय आहे. पण त्याचबरोबर ऐकणारा माणूस अनोळखी झाला. यवतमाळच्या ग्रामीण भागात वऱ्हाडी बोलतात. तसेच गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलीही. घाबरलेला माणूस प्रमाण मराठीत बोलत नाही. तो म्हणतो, ‘पांदणीनं आत या, धुऱ्यावर आहो.’

१४. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अशा वेळी घरचे फोनवर सांगतात ते ‘भोवळ आली, ओकाऱ्या होतात’ इतकेच. या मुलखात सेवा केलेला माणूस लगेच दुसरा प्रश्न विचारेल, ‘फवारणी करत होता का?’ आणि मग सांगेल, ‘आधी अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा.’ अनुभवाचे मोल या दुसऱ्या प्रश्नात आहे.

१५. एप्रिल २०२० मध्ये राज्याने एकाच महिन्यात दोन टोकांचे निर्णय पाहिले. ८ एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी लष्करी वैद्यकीय सेवेतील निवृत्त, तसेच निवृत्त परिचारिका व वॉर्डबॉय यांना ‘कोविड योद्धा’ म्हणून पुढे येण्याचे आवाहन केले. महिनाअखेरीस मुंबई पोलिसांनी ५५ वर्षांवरील कर्मचाऱ्यांना घरी थांबण्यास सांगितले, कारण सहकारी मृत्युमुखी पडत होते. अनुभव हवा होता, पण शरीर रस्त्यावर उभे करणे धोक्याचे होते. नियंत्रण कक्षातील खुर्ची या दोन्ही गरजा एकत्र भागवते.

१६. आता आक्षेप. पहिला तरुणांचा, आणि तो रास्त आहे. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदांच्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर, वयाच्या सत्तरीपर्यंत नेमण्याचा निर्णय झाला, तेव्हा डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांनी विरोध केला. पहाटे मैदानावर धावून पोलीस भरतीची तयारी करणारी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या जागेवर पेन्शनर बसवणे म्हणजे भरती टाळण्याचा स्वस्त मार्ग ठरेल.

१७. दुसरा आक्षेप सवयींचा. अनुभवासोबत जुन्या खोडीही येतात: ‘आमच्या हद्दीत येत नाही’, ‘इतक्या रात्री बाहेर कशाला गेली होतीस?’ ज्या सेवेची मागणी स्त्रियांच्या सुरक्षिततेतून पुढे आली, तिथे हा प्रश्न विचारणारा एकही माणूस परवडणार नाही. वतनी व्यवस्थेचा धडा हाच आहे. स्थानिक जाण मौल्यवान असली, तरी ती आपोआप न्यायी नसते.

१८. म्हणून इतिहासाचा कौल ‘सर्व निवृत्तांना परत घ्या’ असा नाही. फोन घेणारे कर्मचारी पूर्णवेळ, भरतीने आलेले तरुण असावेत. प्रत्येक पाळीत, प्रत्येक महसुली विभागासाठी एक-दोन निवृत्त जाणकार त्यांच्या शेजारी असावेत. त्यांची निवड तपासून व्हावी. श्रवणशक्तीची चाचणी, नवे प्रशिक्षण, मर्यादित पाळी आणि रीतसर वेतन असावे. सक्ती नको, फुकट सेवाही नको.

१९. त्यांच्याकडून आणखी एक काम करून घ्यावे. फाटे, नाले, पांदणी, पोड, तांडे आणि बोलीतली स्थळनामे यांची नोंद. महाराष्ट्रात सरकारी कर्मचारी साधारणपणे ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. यवतमाळात तीस वर्षे गस्त घातलेला हवालदार त्या दिवशी घरी जातो, आणि हा नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो. तो उतरवून घेतला, तर पुढच्या वेळी नवी मुंबईतल्या बावीस वर्षांच्या मुलीलाही कळेल की फोन कोणत्या कळंबहून आला आहे, आणि त्यानंतर काय विचारायचे.