वाईनचा भाव आणि वाईनवाले

फ्रान्समध्ये सप्टेंबर उजाडला की मोठमोठी दुकाने वाईनची जत्रा भरवितात. नामांकित मळ्यांच्या बाटल्या उतरत्या भावाने मांडतात आणि घेणारे वर्षभराची बेगमी करून ठेवतात. आम्ही स्वतः या पेयाच्या वाटेला कधी गेलो नाही. आमच्या वडिलांची माळ होती, आणि पुढे द्वारसभांच्या धबडग्यात चहाखेरीज दुसरे व्यसन जडावयास सवड मिळाली नाही. परंतु सवलत हा शब्द ऐकला की, ती कोणाच्या खिशातून जाते हे विचारण्याची खोड आम्हांला लागली आहे. हाच प्रश्न 1907 साली फ्रान्सच्या दक्षिणेस, लांगदॉक प्रांतात, लाखो माणसांनी विचारला होता.

त्याची सुरुवात एका किड्यापासून होते. 1860 नंतरच्या दशकात फिलॉक्सेरा नावाची, डोळ्यांस जेमतेम दिसणारी कीड अमेरिकेतून तेथे आली आणि वेलींची मुळे शोषू लागली. मळेच्या मळे वाळले. शेवटी तोड निघाली तीही अमेरिकेतूनच. तिकडच्या वेलीच्या मुळांना ही कीड मारू शकत नसे, म्हणून त्या वेलीचा खुंट लावून त्यावर फ्रेंच वेलीचे कलम बांधले. आमच्या नाशिक-सांगलीकडे आज पुष्कळ बागा डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत. तोही मूळचा अमेरिकन वेलच, मात्र आपल्याकडे त्याचा उपयोग पाण्याच्या ओढीसाठी व खारट जमिनीसाठी होतो.

नवी लागवड कर्ज काढून झाली होती. ती फळास आली तेव्हा बाजार दुसऱ्यांनी व्यापलेला. वाईनची टंचाई असताना व्यापाऱ्यांनी बेदाणे भिजवून, चोथ्यावर साखर-पाणी ओतून वाईन करण्याची विद्या साधली होती, आणि टंचाई संपली तरी ती विद्या कोणी विसरले नाही. 1903 साली साखरेवरील कर उतरविण्यात आला, तेव्हा उत्तरेकडील बीट-साखरवाल्यांचे फावले. समुद्रापलीकडच्या अल्जीरियातून वाईनची पिंपे येतच होती. भाव असा कोसळला की खर्चही निघेना. पॅरिसच्या गिऱ्हाइकाला स्वस्त पेला मिळाला, आणि ती सवलत छाटणी करणाऱ्या मजुराच्या रोजातून वळती झाली. 1904 साली तेथील शेतमजुरांनी मोठे संप केले ते याच ओढाताणीत.

यातून वाट काढण्याचा एक प्रयत्न आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. बेझिए शहराजवळ मारोसाँ नावाचे एक गाव आहे. तेथल्या लहान द्राक्षवाल्यांनी 1901 साली ‘स्वतंत्र द्राक्षवाले’ अशा अर्थाच्या नावाची सहकारी मंडळी काढली, पुढे सामाईक तळघर बांधले, आणि पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक-भांडारांना थेट वाईन पाठविण्यास सुरुवात केली. पिकविणारा कष्टकरी, पिणारा कष्टकरी, मधला अडत्या वजा! समाजवादी पुढारी जाँ जोरेस 1905 साली मुद्दाम ते पाहावयास गेले होते.

परंतु एका गावाने भाव सावरत नाही. 11 मार्च 1907 रोजी आर्जेलिए गावातून सत्त्याऐंशी माणसे नारबॉन शहरी चालत निघाली. संसदेची चौकशी समिती तेथे आली होती, तिला गाऱ्हाणे सांगावयाचे होते. त्यांचा म्होरक्या मार्सलँ आल्बेर, खाणावळवजा कॅफे चालविणारा लहान द्राक्षवाला, वय वर्षे पंचावन्न. (आमचेही वय त्याच घरात आहे, म्हणून हा आकडा आम्ही विसरत नाही.) पुढे दर रविवारी सभा होऊ लागल्या. शेकड्यांचे हजार झाले आणि हजारांचे लाख. 9 जूनला माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक लोक जमल्याचे सांगतात. मालक आणि मजूर त्यात खांद्यास खांदा लावून चालले. आमचे मत असे की, या गर्दीत मजुरीचा प्रश्न मागे पडला. पण भुकेल्या गावात असा हिशेब मांडणे सोपे नसते.

मग करबंदी पुकारली गेली. नारबॉनचा समाजवादी नगराध्यक्ष डॉक्टर फेरूल याने पद सोडले, त्यापाठोपाठ शेकडो नगरपालिकांनी राजीनामे दिले. पंतप्रधान क्लेमांसो याने सैन्य धाडले. 19 जूनला फेरूलला पकडले, आणि त्या व दुसऱ्या दिवशी नारबॉनमध्ये गोळीबार होऊन माणसे मेली. त्यांत एक तरुण मुलगीही होती.

सतरावी पायदळ पलटण याच भागातल्या पोरांची होती. सरकारने सावधगिरी म्हणून तिला बेझिएहून आग्दला हलविले होते. नारबॉनची बातमी तेथे पोहोचताच सुमारे पाचशे शिपायांनी दारूगोळा काढून घेतला आणि रातोरात चालत ते बेझिएला परतले. गावच्या मुख्य रस्त्यावर त्यांनी बंदुका टेकून ठेवल्या. लोकांनी त्यांना खाऊ घातले, वाईन पाजली. आम्ही एकदा एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याच्या शिपायाला नजर चुकवून खाली पाहताना पाहिले आहे. त्याचा सख्खा भाऊ आमच्या बाजूला घोषणा देत होता. त्या क्षणी दोन्ही बाजू कशा गप्प होतात हे ज्याने अनुभवले, त्याला बेझिएची ती सकाळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शेवटी बोलणी होऊन शिपाई बराकीत परतले. कोणा एकट्याला सजा झाली नाही, मात्र त्यांना ट्युनिशियात गाफ्सा येथे पाठविण्यात आले.

आल्बेर लपून पॅरिसला गेला आणि 23 जूनला क्लेमांसोला एकटाच भेटला. ही त्याची चूक. मुरलेल्या मुत्सद्द्यापुढे बरोबर दोन साक्षीदार तरी हवे होते. क्लेमांसोने त्याला लोकांना शांत करावयास सांगितले, परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँक हातावर ठेवले, आणि तो बाहेर पडताच ही गोष्ट पत्रकारांना ऐकविली. आल्बेर गावी परतला तेव्हा त्याच्याच माणसांनी पाठ फिरविली.

मागणी मात्र पदरात पडली. 29 जूनच्या कायद्याने साखरेवर जादा कर बसला आणि प्रत्येकाला आपले पीक किती हे जाहीर करणे भाग पडले. सप्टेंबरच्या हुकुमाने ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या आंबवणाखेरीज दुसऱ्या कशालाही वाईन म्हणावयास बंदी झाली. त्याच महिन्यात नारबॉनला द्राक्षवाल्यांचा महासंघ निघाला. भेसळ पकडण्याचे काम त्याने नेटाने केले, पण त्यात वजन राहिले मोठ्या बागाईतदारांचे. अध्यक्ष झाला फेरूल. आल्बेर 1921 साली गरिबीतच वारला.