नांगर, हातमाग, सुकी मासळी, वनस्पती तूप: जगप्रसिद्ध कंपन्यांची सुरुवात अशी झाली

अंगणातला ट्रॅक्टर, रस्त्यावरची मोटार, हातातला मोबाइल. या कंपन्यांची नावं आपण रोज घेतो. पण सुरुवातीला यातल्या बऱ्याच कंपन्या वेगळंच काहीतरी बनवत किंवा विकत होत्या. व्हॉट्सअॅपवर अशा गोष्टी ‘एका रात्रीत नशीब पालटलं’ अशा थाटात फिरतात. प्रत्यक्षात एका धंद्यातून दुसऱ्यात जायला त्यांना कित्येक वर्षं लागली. आणि जाताना जुन्या धंद्यातलं काहीतरी त्यांनी सोबत नेलं. ते काय होतं, हे पाहूया.

जॉन डिअर: लोहाराचा नांगर

जॉन डिअर हे एका लोहाराचं नाव. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात धंद्यात कर्ज झालं म्हणून तो इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डेटूर या गावी आला. तिथली माती काळी आणि चिकट. बिडाच्या नांगराला ती चिकटून बसायची आणि शेतकऱ्याला सारखं थांबून फाळ खरवडावा लागायचा. काळ्या रानात पावसानंतर औत हाकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १८३७ साली डिअरने करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर तयार केला. माती आपोआप निसटू लागली. ट्रॅक्टरच्या धंद्यात ही कंपनी आली ती थेट १९१८ साली, तेही ट्रॅक्टर बनवणारी दुसरी कंपनी विकत घेऊन. म्हणजे मधे ८१ वर्षं गेली, पण गिऱ्हाईक तेच राहिलं: शेतकरी. आज या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे.

टोयोटा आणि सुझुकी: दोघांचेही माग

साकिची टोयोडा हा जपानमधल्या सुताराचा मुलगा. १८९१ साली त्याने लाकडी हातमागाचं पेटंट मिळवलं. १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की हा माग स्वतःहून थांबायचा, त्यामुळे खराब कापड विणलं जात नसे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार ही वेगळी कंपनी झाली. चूक दिसली की काम तिथंच थांबवायचं, हे मागाचं तत्त्व टोयोटाच्या मोटार कारखान्यात आजही पाळलं जातं.

सुझुकीचंही तसंच. मिचिओ सुझुकी याने १९०९ साली हमामात्सु इथं मागांचा कारखाना काढला. १९५२ मध्ये कंपनीने सायकलला बसवायचं छोटं इंजिन बाजारात आणलं आणि १९५५ मध्ये मोटार. यंत्राचे बारीक भाग अचूक घडवण्याची सवय मागांमुळे आधीच लागलेली होती.

सॅमसंग: मासळी आणि शेवया

१९३८ साली कोरियातल्या देगू शहरात ली ब्युंग-चुल यांनी सॅमसंग सुरू केली, तेव्हा ती व्यापारी पेढी होती. सुकी मासळी, फळं, भाजीपाला बाहेर पाठवायचा आणि शेवयांसारखे नूडल्स बनवून विकायचे, हा धंदा. पुढे कोरियन युद्धात नुकसान झालं आणि बुसान शहरात नव्यानं सुरुवात करावी लागली. मग साखर, मग कापड. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स स्थापन झाली १९६९ साली, म्हणजे सुरुवातीनंतर ३१ वर्षांनी.

नोकिया: कागदाचा लगदा

फिनलंडमध्ये १८६५ साली फ्रेडरिक इडेस्टाम या खाण इंजिनिअरने लाकडाच्या लगद्याची गिरणी काढली. दुसरी गिरणी नोकिया या गावाजवळ होती, त्यावरून कंपनीचं नाव पडलं. १९६७ मध्ये रबराचे बूट बनवणारी आणि केबल बनवणारी अशा दोन कंपन्या तिच्यात एकत्र झाल्या. केबल कंपनीने १९६० सालीच इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग काढला होता. पुढे त्यातूनच फोनची वाट निघाली. मात्र टचस्क्रीनचा जमाना आला तेव्हा नोकिया मागे पडली आणि २०१४ मध्ये मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. एकदा धंदा बदलला म्हणजे कायमचं जमलं, असं नसतं.

विप्रो: आपल्या अमळनेरची

हे नाव तर जळगाव जिल्ह्यातलं. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी अमळनेर इथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली. काम होतं वनस्पती तूप बनवण्याचं, आणि पुढे कपडे धुण्याचा साबणही. १९६६ मध्ये वडील वारले आणि अमेरिकेत शिकणारा २१ वर्षांचा अझीम प्रेमजी परत आला. त्याने आधी तेल-साबणाचा धंदा नीट बसवला. १९७० च्या दशकाच्या शेवटी आयबीएम ही अमेरिकी कंपनी भारतातून गेली, बाजारात जागा रिकामी झाली आणि विप्रो संगणकाकडे वळली. तेल-साबणाचा धंदा मात्र बंद केला नाही. संगणकाला लागणारं भांडवल उभं राहिलं ते याच धंद्याच्या बळावर.

यातून काय घ्यायचं?

यातल्या कोणीही हातातला चालता धंदा फेकून देऊन नव्यात उडी मारली नाही. जुन्यातून पैसा, कसब किंवा गिऱ्हाईक घेऊन ते पुढे सरकले. आणखी एक लक्षात ठेवा: धंदा बदलून जे बुडाले, त्यांच्या गोष्टी मोबाइलवर फिरत नाहीत. म्हणून एखादा व्हिडिओ पाहून कर्ज काढण्याआधी घरातल्या पिठाच्या गिरणीकडे, तेलघाण्याकडे, वेल्डिंगच्या दुकानाकडे एकदा नीट बघा. ‘इथलं काय पुढे नेता येईल?’ हा प्रश्न आधी विचारा, कर्जाचा अर्ज त्यानंतर भरा.