फुगणारी बोट आणि न फुगणारी बोट

पावसाळ्यात दार फुगते आणि चौकटीत अडकून बसते. लाकडाच्या या गुणाचा आपल्याला त्रासच होतो. पण अमेरिकेतील सरोवरांवर एके काळी धावणाऱ्या लाकडी मोटरबोटी याच गुणाच्या आधारावर तरंगत असत. आज त्या बोटींच्या हुबेहूब प्रतिकृती हाताने बांधल्या जातात, आणि बांधणाऱ्यापुढे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो तोही याच गुणामुळे.

या बोटींचा इतिहास म्हणजे हलक्या इंजिनाचा इतिहास. १८८६ साली गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतील नेकर नदीवर पेट्रोल इंजिनाची बोट चालवली. पाणी बाजूला सारत जाणारी बोट वेग वाढवू लागली, की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड याने १८७० च्या दशकात छोट्या प्रतिकृती टाकीतून ओढून या विरोधाचा अभ्यास केला होता. यातून सुटायचे, तर बोटीने वर उचलले जाऊन पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जायला हवे. तळ्यात तिरपा फेकलेला चपटा दगड टप्पे घेत जातो, तसे काहीसे. त्यासाठी इंजिन शक्तिमान हवे आणि हलकेही हवे.

पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक उरलेल्या लिबर्टी विमान-इंजिनांनी ही गरज भागवली. मिशिगन राज्यात जॉन हॅकर, ख्रिस स्मिथ आणि गार वुड यांनी या काळात वेगवान बोटी घडवल्या. दोन लिबर्टी इंजिने बसवलेल्या ‘मिस अमेरिका’ने १९२० साली हार्म्सवर्थ करंडक जिंकला. १९३२ मध्ये वुडने ‘मिस अमेरिका दहा’ ही बोट ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने नेली. स्मिथ यांच्या ‘ख्रिस-क्राफ्ट’ने महोगनीच्या चकचकीत बोटी मध्यमवर्गापर्यंत पोचवल्या.

या बोटींचा तळ पाहण्यासारखा असे. ओकच्या बरगड्यांवर फळ्यांचे दोन थर स्क्रूने बसवत, आणि मधे चिकट लेपात भिजवलेले कापड घालत. हिवाळाभर कोरडी राहिलेली बोट पाण्यात सोडली, की प्रथम गळे. मग फळ्या पाणी पिऊन फुगत, एकमेकींवर दाबल्या जात आणि फटी बुजत. म्हणून फळ्या किती घट्ट बसवायच्या, हे कारागिराला नेमके कळावे लागे. सैल बसवल्या तर गळती थांबत नसे. फार घट्ट बसवल्या तर फुगणाऱ्या फळ्या स्क्रू उखडत, बरगड्याही तडकवत. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने तळ हळूहळू खिळखिळा होई. फायबरग्लासला हा रोग नव्हता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस-क्राफ्टनेही लाकडी बोटी बांधणे थांबवले.

पुढे या बोटींचे चाहते त्या पुन्हा बांधून घेऊ लागले. ख्रिस-क्राफ्टचे मूळ आराखडे व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये जपलेले आहेत. त्यांवरून आकार मिळतो, मापे मिळतात. वाफेवर फळी वाकवणे, तासणे, व्हार्निशचे हातांवर हात देणे हे सारे कष्टाने शिकता येते. पण तळाचे काय करायचे?

१९७० च्या दशकात मिशिगनमधीलच गूजॉन बंधूंनी लाकडी बोटींसाठी इपॉक्सी वापरण्याची पद्धत रूढ केली. इपॉक्सीच्या लेपाने लाकडात शिरणारी आर्द्रता फार कमी होते. म्हणून आज बऱ्याच प्रतिकृतींचा तळ अशा आधुनिक चिकटद्रव्यांनी बंद केलेला असतो. जुनी बोट भिजून टिकत असे, नवी कोरडी राहून टिकते. वरून एकसारख्या दिसणाऱ्या या दोन बोटी आतून परस्परविरुद्ध तत्त्वांवर उभ्या आहेत.

मग खरी प्रतिकृती कोणती? बोट वर्षानुवर्षे चालवायची असेल, तर इपॉक्सीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु फळी किती घट्ट बसवायची हे ज्ञान आराखड्यावर पुरेसे उतरत नाही. ते कारागिराच्या हातात असते आणि बांधता बांधताच दुसऱ्या हातात जाते. सगळ्याच प्रतिकृती इपॉक्सीच्या झाल्या, तर बोटीचे रूप उरेल, पण ती कशी तरंगत होती हे हाताला ठाऊक असणारा माणूस उरणार नाही. म्हणून थोड्या तरी बोटी जुन्या रीतीने बांधल्या जायला हव्यात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. एकाच फळीचे दोन सारखे, कोरडे तुकडे घ्या. एकाला सर्व बाजूंनी व्हार्निशचे तीन-चार हात द्या आणि ते पूर्ण वाळू द्या. दोन्हींची लांबी व रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजून ते दोन दिवस पाण्यात बुडवा आणि पुन्हा मोजा. उघडा तुकडा रेषांच्या आडव्या दिशेने फुगलेला दिसेल, लांबीत मात्र जवळजवळ फरक नसेल. व्हार्निशच्या तुकड्याचे काय झाले, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.