पॅरिस ते औंढा : प्रकाशाच्या वेगाची साडेतीनशे वर्षं

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगानं पैनगंगा वाहते आणि पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. औंढा म्हटलं की आमच्याकडे नागनाथाचं देऊळ आणि नामदेवांसाठी ते फिरल्याची आख्यायिका आठवते. आता त्याच औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं १७ फेब्रुवारी २०१६ला तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ला पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात ठेवायच्या, त्यांतून लेझरचा प्रकाश सोडायचा आणि अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी त्या नळ्यांची लांबी किती बदलली ते टिपायचं, असं तिचं काम आहे.

मी पुसदचा. इंजिनिअरिंग करून सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गावाकडे ‘इंजिनिअर’ म्हणजे विहिरीच्या मोटारीपासून कृष्णविवरापर्यंत सगळं माहीत असलेला माणूस, त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की प्रश्न ठरलेले असतात. उमरखेडच्या एका काकाजींचा पहिला प्रश्न होता, “काऊन रे बाप्पा, ते लायगो आलं तं आपल्या बोअरचं पाणी जाईन का?” पाणी जाणार नाही, त्यातून घातक किरणंही निघणार नाहीत, ती फक्त ऐकणारी यंत्रणा आहे, असं मी सांगितलं. पण पुढचे प्रश्न इतके सोपे नव्हते. प्रकाशाचा वेग तर सायणाचार्यांनी आधीच सांगून ठेवला होता ना? सगळंच सापेक्ष आहे, तर आइन्स्टाइननं वेगळं काय सांगितलं? प्रकाशापेक्षा वेगानं जाता येत नाही म्हणता, पण उद्या कुणी शोधून काढलं तर? आणि बारावीतल्या एका चुलत भावाचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता, तो शेवटी घेतो.

या प्रश्नांना हसून सोडून देणं मला परवडणारं वाटत नाही. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. ती वर्षानुवर्षं अडकून राहिली. विरोधामागे पर्यावरणाचे खरे प्रश्न होते, तशीच किरणोत्साराची भीतीही होती. शेजारी काय उभं राहतंय हे माणसांना त्यांच्या भाषेत कळलं नाही, तर ती जागा अफवा घेतात. आणि प्रकाशाच्या वेगाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्याचा इतिहास माहीत नसल्यामुळे टिकून आहेत.

आकडा आधी की रीत आधी?

प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, हेच फार काळ कुणाला मान्य नव्हतं. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओनं दोन माणसांनी दूर उभं राहून कंदिलांची झडपं उघडण्याचा प्रयोग सांगितला आहे. त्यातून एवढंच निघालं, की प्रकाश तत्क्षणी पोचत नसेल तर तो अतिशय वेगवान असला पाहिजे.

खरा पुरावा आकाशातून आला. गुरूचा आयो हा चंद्र साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीला गुरूच्या सावलीत जातो. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश खगोलज्ञाच्या लक्षात आलं, की पृथ्वी गुरूपासून दूर जात असते तेव्हा ही ग्रहणं उशिरा दिसतात आणि जवळ येत असते तेव्हा लवकर. १६७६ साली त्यानं आधीच जाहीर केलं, की ९ नोव्हेंबरला आयो अपेक्षेपेक्षा दहा मिनिटं उशिरा सावलीबाहेर येईल. तसंच झालं. इकडे रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

रोमरनं प्रकाशाचा वेग मोजला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं तर पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला सुमारे २२ मिनिटं लागतात, एवढंच त्यानं सांगितलं. (आजचा आकडा साडेसोळा मिनिटांच्या थोडा वर आहे.) त्यावरून वेग काढला तो क्रिस्तियान हायगेन्सनं, आणि तो आजच्या हिशेबात सेकंदाला सुमारे २,२०,००० किलोमीटर भरतो. म्हणजे खऱ्या वेगापेक्षा जवळपास चतुर्थांशानं कमी. तरीही विज्ञानाच्या इतिहासात रोमरचं नाव राहिलं, कारण त्यानं रीत दिली. ज्याला शंका असेल त्यानं दुर्बीण घ्यावी आणि तपासावं.

आता सायणाचार्यांकडे येऊ. चौदाव्या शतकात विजयनगरच्या राज्यात होऊन गेलेल्या या मोठ्या भाष्यकारानं ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या सूर्यसूक्तावर लिहिताना परंपरेतलं एक वचन दिलं आहे. त्यात अर्ध्या निमिषात २२०२ योजनं असा वेग येतो. हा मजकूर कुणी अलीकडे रचलेला नाही, तो भाष्यात आहे. पण योजन म्हणजे किती? फॉरवर्ड होणाऱ्या हिशेबात ते सुमारे साडेचौदा किलोमीटर धरतात आणि निमिष म्हणजे सेकंदाचे १६/७५. मग उत्तर तंतोतंत तीन लाखांजवळ येतं.

सूर्यसिद्धान्तात पृथ्वीचा व्यास १६०० योजनं दिला आहे, त्यावरून योजन आठ किलोमीटरचं होतं. आर्यभटानं तोच व्यास १०५० योजनं दिला, म्हणजे योजन बारा किलोमीटरचं. पहिलं घेतलं तर वेग सेकंदाला सुमारे १,६५,००० किलोमीटर येतो, दुसरं घेतलं तर सुमारे अडीच लाख. निमिषाचं मापही सगळ्या ग्रंथांत एक नाही. शिवाय ज्या ऋचेवरचं हे भाष्य आहे, तिथं संबोधन सूर्याला आहे. उत्तर माहीत असल्यावर त्याला जुळतील अशी मापं निवडली, तर काहीही जुळवता येतं. आमच्या क्षेत्रात टेस्ट पास व्हावी म्हणून अपेक्षित उत्तरच कोडमध्ये लिहून ठेवण्यासारखं आहे हे.

यात सायणाचार्यांचा अपमान नाही. त्यांनी प्रकाशाचा वेग मोजल्याचा दावा कधी केलाच नव्हता. आणि अभिमानच हवा असेल तर आर्यभट आहे की! पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे फिरताना दिसतात, हे त्यानं नावेत बसलेल्या माणसाच्या दृष्टान्तानं समजावलं. गती कुणाच्या नजरेतून पाहतो यावर अवलंबून असते, हा विचार तिथे स्वच्छ आहे आणि त्यासाठी कुठलंही माप ताणावं लागत नाही.

‘सापेक्ष’ या शब्दानं केलेला घोटाळा

पुढच्या दोन शतकांत मोजमाप जमिनीवर आलं. १८४९ साली फिझोनं पॅरिसजवळ साडेआठ किलोमीटरवर आरसा ठेवला आणि ७२० दात्यांचं चाक फिरवून सेकंदाला ३,१३,०००च्या आसपास आकडा काढला. १८६२मध्ये फूकोनं फिरत्या आरशानं २,९८,००० काढला. वेग कळला, आता प्रश्न उरला तो वेग कशाच्या संदर्भात आहे. लाटेला पाणी लागतं, आवाजाला हवा लागते, तसा प्रकाशाला ‘ईथर’ लागत असणार असं सगळे धरून चालले होते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं धावते, तर या ईथरचा वारा जाणवायला हवा.

१८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मोर्ले यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी लादीवर आरसे मांडले. प्रकाशाचा एक झोत दोन काटकोनी दिशांना फोडला, प्रत्येकी सुमारे ११ मीटरच्या वाटेनं नेऊन परत एकत्र आणला आणि पट्ट्या सरकतात का ते पाहिलं. ईथर असता तर पट्टी स्वतःच्या रुंदीच्या ०.४ पट सरकायला हवी होती. तेवढी ती सरकलीच नाही, जे काही दिसलं ते मोजमापाच्या त्रुटीत जमा होणारं होतं.

१९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीतल्या आइन्स्टाइननं प्रकाशाचा वेग सर्वांसाठी एकच हे गृहीतच धरलं आणि त्यातून जे निघेल ते स्वीकारलं. पुसद-यवतमाळ एसटीत पुढे चेंडू फेकला तर रस्त्यावरच्या माणसाला एसटीचा आणि चेंडूचा वेग मिळून दिसतो. पण एसटीच्या हेडलाइटचा प्रकाश ड्रायव्हरला आणि रस्त्यावरच्या माणसाला एकाच वेगानं जाताना दिसतो. हिशेब जुळवायला मग लांबी आणि वेळ यांनाच वाकावं लागतं.

म्हणून ‘सगळंच सापेक्ष आहे’ हा सापेक्षतावादाचा अर्थ नाही. त्याच्या मुळाशी न बदलणारी गोष्ट आहे. आइन्स्टाइनचे शिक्षक राहिलेले मिन्कोव्स्की यांनी १९०८ साली तर याला ‘निरपेक्ष जगाचं गृहीतक’ म्हणावं असं सुचवलं होतं. ते नाव रूढ झालं असतं, तर ‘तुझं सत्य वेगळं, माझं वेगळं, आइन्स्टाइनच म्हणतो’ हे ऐकावं लागलं नसतं.

वेळ वाकते हे रोजच्या वापरातलं आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीवर गुरुत्व कमी असल्यामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. उरलेला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक काढून टाकावा लागतो. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो.

उद्या कुणी शोधलं तर?

२३ सप्टेंबर २०११ला असं वाटलं होतं. जिनिव्हाजवळच्या सर्नपासून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत, ७३० किलोमीटरवर, न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं ‘ऑपेरा’ गटानं जाहीर केलं आणि जगाला चूक शोधायचं आवाहन केलं. काही महिन्यांत मुख्य कारण सापडलं, फायबर ऑप्टिक केबलचं एक कनेक्टर नीट बसलेलं नव्हतं. ज्यानं कधी रात्री दोन वाजता सर्व्हर का बंद पडला ते शोधलंय, त्याला या बातमीचं नवल वाटणार नाही.

मर्यादा ‘अजून इंजिन सापडलं नाही’ अशा प्रकारची नाही. सर्नच्या मोठ्या यंत्रात प्रोटॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त तीनेक मीटरनं मागे असतात. आणखी ऊर्जा ओतली तर ती मुरते, पण वेग त्या उरलेल्या तीन मीटरांतच सरकत राहतो. लेझरचा ठिपका चंद्रावरून प्रकाशापेक्षा वेगानं सरकवता येतो, पण त्या ठिपक्यातून चंद्रावरच्या एका जागेचा निरोप दुसऱ्या जागी जात नाही. बंधन निरोपावर आहे, कार्यकारणावर आहे.

काचेच्या तारेत तर प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर १३,००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तारा वळसे घेत जात असल्यामुळे त्याहून बरेच जास्त. ‘अजून फास्ट कर’ म्हणणाऱ्या ग्राहकाला कितीही चांगला कोड लिहून यापलीकडे नेता येत नाही.

आणि हा वेग आज किती अचूक माहीत आहे? हा प्रश्नच १९८३ साली संपला. तेव्हापासून सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा ठरवून दिलेला आहे आणि मीटरची व्याख्या त्यावरून होते.

बारावीतला प्रश्न

चुलत भावानं विचारलं होतं, “लाट जर जागाच ताणते, तर नळीतला प्रकाशही ताणला जाईल ना? मग मोजणार कशानं?”

हा प्रश्न मोठमोठ्यांनी विचारलेला आहे. उत्तर असं, की लाट येते त्या क्षणी नळीत असलेला प्रकाश किंचित ताणला जातो हे खरं. पण लेझर सतत नवा प्रकाश सोडत असतो. चार किलोमीटरची जा-ये २७ मायक्रोसेकंदांत होते आणि शंभर हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन दहा मिलिसेकंदांचं असतं. जुना प्रकाश कधीच निघून गेलेला असतो. नवा प्रकाश लांबलेल्या नळीतून त्याच वेगानं जातो, म्हणून परतायला जास्त वेळ घेतो. वेग बदलत नाही म्हणूनच वेळेतल्या फरकावरून लांबी कळते. मायकेलसननं ज्या यंत्रानं प्रकाशाच्या वेगातला फरक शोधला, त्याच यंत्राचा हा प्रचंड अवतार आता त्या न सापडलेल्या फरकावर उभा आहे.

१४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी पहिल्यांदा अशी लहर टिपली. लांबीतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा होता. ३००० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांत ती सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकानं पोचली. १७ ऑगस्ट २०१७ला १३ कोटी प्रकाशवर्षं दूर दोन न्यूट्रॉन तारे आदळले, तेव्हा गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. १३ कोटी वर्षांच्या शर्यतीत पावणेदोन सेकंदांचा फरक! म्हणजे हा ‘प्रकाशाचा’ वेग एकट्या प्रकाशाचा नाही, गुरुत्वही त्याच वेगानं चालतं.

या कथेत आपली माणसं आहेत, आणि त्यांच्यासाठी कुठलंही योजन ताणावं लागत नाही. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी केलेला सापेक्षतेच्या मूळ निबंधांचा इंग्रजी अनुवाद १९२० साली कलकत्ता विद्यापीठानं छापला. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२पासून बनारसला सापेक्षता शिकवत होते. त्यांच्याकडे गेलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली तेज बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाचं गणित मांडलं, ते आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांनी पुण्यात ‘आयुका’ उभारली. तिथे संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ साली गोंगाटात बुडालेली लहर शोधायला किती आणि कोणते साचे लागतील याचं गणित केलं. तेव्हा लायगोची यंत्रं बांधलीही नव्हती.

लहर कुठून आली हे वेगवेगळ्या केंद्रांवर पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून कळतं. २०१५मध्ये दोनच यंत्रं होती, तेव्हा आकाशाचा सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा हाती आला. २०१७मध्ये इटलीतलं तिसरं यंत्र जोडलं गेल्यावर तो ३०च्या आसपास आला. औंढ्याचं यंत्र या सगळ्यांपासून दूर असल्यामुळे तो आणखी नेमका होईल. भावाला मी हे सगळं सांगितलं. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार होता : तिथे नोकरीला लागायचं तर फिजिक्स घ्यायचं की इंजिनिअरिंग? दोन्ही लागतील, म्हटलं. निर्वात नळ्या जोडणारे, वीज सांभाळणारे आणि आलेल्या आकड्यांवर शंका घेणारेही.