ॲडव्होकेट्स असोसिएशन ऑफ वेस्टर्न इंडिया
ॲडव्होकेट्स असोसिएशन ऑफ वेस्टर्न इंडिया ही प्रामुख्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत काम करणाऱ्या वकिलांची संघटना आहे. १८६२ साली सुरू झालेल्या या न्यायालयाच्या मूळ शाखेत मुंबई शहरातील मोठ्या रकमेचे दावे चालतात, तर अपील शाखेत जिल्हा न्यायालयांच्या निकालांवरील अपिले येतात. टोकावडे (ता. मुरबाड, जि. ठाणे) यांसारख्या गावातील जमिनीचा दिवाणी दावाही जिल्हा न्यायालयातील अपिलानंतर दुसऱ्या अपिलाच्या रूपाने येथे पोहोचू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १०० नुसार असे अपील केवळ कायद्याच्या सारभूत प्रश्नावर करता येते. साक्षीपुराव्याची फेरतपासणी सहसा होत नाही. त्यामुळे हा प्रश्न वकील कसा मांडतो, यावर पक्षकाराची जमीन अवलंबून असते.