गोदी आणि गलबत

वाहून नेतां येणारा संगणक ही सोय दिसते तितकी सरळ नव्हे. १९८१ सालीं निघालेला ऑसबोर्न-१ सुमारे ११ किलो वजनाचा होता आणि त्याचा पडदा अवघा ५ इंची! पुढें यंत्र हलकें झालें, तेव्हां दुसरी अडचण उभी राहिली. लॅपटॉपचा पडदा व कळफलक बिजागरीनें एकमेकांस जखडलेले; पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात अधांतरीं राहतात, कळफलक हातांशीं ठेवावा तर मान वांकते. प्रवासांत हें चालतें. रोजच्या आठ तासांच्या कामास चालत नाहीं. म्हणून घरीं परतलेल्या या गलबतासाठीं गोदी बांधण्याची कल्पना निघाली. ‘डॉक’ हा शब्द मूळचा गोदीचाच आहे.

या कल्पनेचा मोठा थाटाचा आविष्कार म्हणजे ॲपल कंपनीनें ऑक्टोबर १९९२ मध्यें काढलेला पॉवरबुक ड्युओ. सुमारे १.९ किलोच्या या यंत्रांत फ्लॉपी घालण्याचीही सोय नव्हती. ती सोय, दोन जादा कार्डांची जागा आणि मोठ्या पडद्याची जोडणी हें सारें ‘ड्युओ डॉक’ नामक पेटींत होतें. व्हिडिओ कॅसेट आंत जावी तसा मिटलेला ड्युओ तींत शिरे, एक मोटर त्यास ओढून घेई, आणि प्रवासी यंत्राचें मेजावरील यंत्र होई. युक्ति खरोखर सुंदर होती. परंतु ही गोदी एकाच घराण्याच्या गलबतांकरितां बांधलेली. १९९३ सालीं रंगीत पडद्याचा किंचित् जाड ड्युओ आला, तो पहिल्या पेटीच्या झांकणाखालीं मावेना. १९९७ सालीं ड्युओची निर्मितीच थांबली आणि पेट्या पोरक्या झाल्या.

ही कोंडी अधिक चतुर पेटीनें फुटली नाहीं. ती करारानें फुटली. सात कंपन्यांनीं एकत्र येऊन रचलेली यूएसबी जोडणीची पहिली नियमावली १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. २०१४ सालीं त्याच परंपरेंत सुलट-उलट कसेंही बसणारें टाइप-सी आलें, आणि एकाच तारेंतून वीज, चित्र व माहिती वाहूं शकली. अर्थात् आकार एक म्हणजे सामर्थ्य एक असें नव्हे. कित्येक यंत्रांच्या टाइप-सींतून चित्र बाहेर येतच नाहीं, आणि तें नुसतें पाहून कळत नाहीं. तरीही लॅपटॉप बदलला म्हणून मेजावरील सारा संसार मोडावा लागत नाहीं, हा लाभ लहान नव्हे. जींत एकच गलबत शिरूं शकतें, त्या गोदीला बंदर कोण म्हणेल?